सेकंडहँड लक्झरी एसयूव्ही घेताय? टोकन द्यायच्या आधी हा क्रम पाळा

गेल्या काही वर्षांत ज्यांनी ज्यांनी मला "ही गाडी घेऊ का?" म्हणून फोन केला, त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी टोकन आधीच देऊन टाकलेलं होतं. म्हणजे गाडी सोसायटीच्या दोन चकरा मारून बघितली, सनरूफ उघडझाप केलं, स्क्रीन बघितली, मुलं मागे बसून खूश झाली आणि दिले पन्नास हजार. मग कागद, मग मेकॅनिक. हा क्रमच उलटा आहे आणि नुकसान इथेच होतं, कारण एकदा पैसे अडकले की आपण गाडीतल्या चुका शोधत नाही, त्यांच्यावर पांघरूण घालायला लागतो. माझ्या मेव्हण्याने अशीच एक सात सीटर घेतली, तिसऱ्या आठवड्यात सकाळी पार्किंगमध्ये गाडी पुढून उजवीकडे बसलेली. एअर सस्पेन्शन, म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर गाडी उचलून धरणारी रचना, गळत होती. घ्यायच्या आधी एक रात्र टेप लावून मोजलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

म्हणून खालचा क्रम जसा आहे तसाच ठेवा. आधी कागद, मग थंड इंजिन, मग बॉडी, मग गॅरेजची लिफ्ट, मग स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारं यंत्र), मग रस्ता आणि रस्त्यावरून आल्यावर परत स्कॅनर.

## तयारी: जायच्या आधी काय जमवायचं

सामान फार नाही. मोजायची टेप, चांगला टॉर्च, पांढरा टिश्यू पेपर, जुना टॉवेल, एक पेंट थिकनेस मीटर (डिटेलिंगवाल्याकडून एक दिवस भाड्याने किंवा ओळखीने मिळतो) आणि वही. वही खरंच न्या, कारण तीन गाड्या बघितल्यावर कुठल्या गाडीचा कुठला टायर झिजला होता हे कोणालाच आठवत नाही.

मेकॅनिक आधी ठरवा, गाडी नंतर. पुण्यात जर्मन गाड्यांवर काम करणारी स्वतंत्र गॅरेजेस भरपूर आहेत, पण विचारायचा प्रश्न एकच: "या ब्रँडचा पूर्ण स्कॅनर आहे का तुमच्याकडे?" ऑनलाइन मिळणारा, गाडीच्या सॉकेटला लावायचा छोटा ब्लूटूथ ओबीडी डोंगल बहुतेक वेळा फक्त इंजिनचे बिघाडाचे कोड वाचतो. गिअरबॉक्स, एअर सस्पेन्शन, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा भाग), एअरबॅग यांचे मॉड्यूल, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, त्याला दिसतच नाहीत. मर्सिडीजसाठी झेंट्री, बीएमडब्ल्यूसाठी इस्टा, ऑडी-फोक्सवॅगनसाठी ओडीस किंवा व्हीसीडीएस, नाहीतर त्याच ताकदीचा मल्टिब्रँड स्कॅनर हवा. तो नसेल तर मेकॅनिक कितीही भला असला तरी या कामाला नको.

बजेटचं पण आत्ताच ठरवा. गाडीच्या किमतीच्या साधारण १५ टक्के रक्कम बाजूला काढून मगच बोली लावा. जुन्या गाडीची किंमत उतरते, पार्ट्सची उतरत नाही. सत्तर लाखांची गाडी अठरा लाखांत मिळाली तरी तिचे ब्रेक, टायर, एअर स्प्रिंग सत्तर लाखांच्याच गाडीचे आहेत.

## टप्पा १: कागद, घरी बसून

विकणाऱ्याकडून आरसीचा फोटो, चालू विम्याची आणि त्याच्या आधीच्या दोन-तीन वर्षांच्या पॉलिसीची पीडीएफ मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर ती गाडी तिथेच सोडा.

एमपरिवहन ॲपवर किंवा वाहन पोर्टलवर नंबर टाकून मालक कितवा, नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी आणि लोनचा बोजा आहे का ते बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. "लोन संपलंय, फक्त आरटीओला उतरवायचं राहिलंय" हे वाक्य खरं असू शकतं, पण मग तो कागद दाखवायला दोन मिनिटं लागतात. ई-चलन पण बघून घ्या, एक्स्प्रेस वेवर पळवलेल्या गाड्यांवर चलनांची माळ असते.

विम्याच्या जुन्या पॉलिसीत एक गोष्ट लोक बघतच नाहीत, ती म्हणजे नो क्लेम बोनस. क्लेम न घेता वर्षं गेली की तो २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. सहा वर्षं जुनी, एका मालकाची, "एक ओरखडा नाही" म्हणून सांगितलेली गाडी आणि पॉलिसीत बोनस शून्य, म्हणजे बहुधा आदल्या वर्षी क्लेम झालाय. कशाचा, ते विचारा आणि बिल मागा. बंपरचा असेल तर ठीक, पण समजलं पाहिजे.

या सेगमेंटच्या बऱ्याच गाड्या कंपनीच्या किंवा फर्मच्या नावावर असतात. तिथे ट्रान्स्फरच्या कागदांवर सही कोणाची चालणार, कंपनीचा ठराव मिळणार का हे आधी विचारा, नाहीतर मालक तोंडी हो म्हणतो आणि सही करणारा भागीदार परदेशात असतो.

सावधान, बाहेरच्या पासिंगची गाडी: दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले आणि तिकडच्या मोठ्या डिझेल एसयूव्ही स्वस्तात इकडे यायला लागल्या. किंमत बघून भुलू नका. तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, मग इथला रोड टॅक्स, मग नवीन नंबर, हे सगळं धरून हिशोब करा आणि एमएच-१२ किंवा एमएच-१४ च्या गाडीशी ती बेरीज ताडून बघा. बऱ्याचदा फरक उरतच नाही.

तपासा: चॅसिस नंबर आरसीवर, काचेखालच्या पट्टीवर आणि दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर एकच आहे ना. हे गाडीजवळ गेल्यावर पहिलं काम.

## टप्पा २: सर्व्हिस हिस्टरी

अधिकृत सर्व्हिस सेंटर परक्या माणसाला रेकॉर्ड देत नाही, त्यामुळे मालकाला सोबत न्या किंवा त्याच्याकडून मेल करायला लावा. प्रिंटमध्ये तारखा आणि किलोमीटर एकाखाली एक लिहून काढा. दरवर्षी पंधरा हजार चालणारी गाडी अचानक एका वर्षात दोन हजार चालली आणि नंतर परत पंधरा हजार, तर मध्ये मीटर मागे फिरवलेलं असण्याची शक्यता आहे. बीएमडब्ल्यूच्या चावीत किलोमीटर साठवलेलं असतं, सर्व्हिस सेंटरवाले चावी वाचून सांगू शकतात. दोन्ही चाव्या मागा, एकच असेल तर दुसरीचा खर्च किमतीतून वजा.

रेकॉर्डमध्ये मी स्वतः दोन गोष्टी शोधतो. एक, इंजिन ऑइल किती अंतराने बदललं. दुसरी, गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं का. बऱ्याच कंपन्या ते आयुष्यभर चालतं म्हणतात, पण ज्या झेडएफ कंपनीचा ८ स्पीड गिअरबॉक्स यातल्या बऱ्याच गाड्यांत बसतो ती झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदला म्हणते. लाखावर गेलेल्या गाडीत ते झालेलं नसेल तर तो खर्च तुमच्या खात्यात.

मॉडेलची ओळखीची दुखणी पण याच वेळी वाचून जा. जुन्या बीएमडब्ल्यू एक्स१, एक्स३ च्या २.० डिझेलमध्ये टायमिंग चेन (इंजिनच्या आतली साखळी) झिजण्याचं प्रकरण, आणि चेन इंजिनच्या मागच्या बाजूला असल्यामुळे काम मोठं. मर्सिडीजच्या ३.० व्ही६ डिझेलमध्ये ऑइल कूलरचे सील गळतात, ते इंजिनच्या मधोमध खोल असतात. लँड रोव्हरच्या ३.० डिझेलमध्ये क्रँकच्या बेअरिंगच्या तक्रारी, त्यामुळे तिथे ऑइलची हिस्टरी नसेल तर मी दुसरं काही बघतच नाही, परत फिरतो.

## टप्पा ३: सकाळी, थंड इंजिनवर

भेट सकाळी सातची ठरवा आणि आदल्या दिवशी स्पष्ट सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागला तर "मी अर्धा तास थांबतो" असं न म्हणता दुसऱ्या दिवशी परत या, अर्ध्या तासात इंजिन थंड होत नाही.

बॉनेट उघडून कूलंटचा रंग बघा. गढूळ, तपकिरी किंवा वर तेलकट तवंग नको. ऑइलच्या झाकणाला आतून साय जमल्यासारखं पांढरट काही लागलं तर लक्षात घ्या. मग एका माणसाला सायलेन्सरमागे उभं करून गाडी चालू करा, तुम्ही बॉनेटपाशी राहा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत पुढून किंवा मागून साखळी खडखडल्यासारखा आवाज आला आणि मग थांबला तर तो व्हिडिओत घ्या, मेकॅनिकला ऐकवायचाय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही टिकला तर कूलंट, आणि डिझेलमध्ये काळा धूर असेल तर इंजेक्टर, टर्बो, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) यातलं काहीतरी.

डिझेल असेल तर टिश्यू सायलेन्सरच्या तोंडात आतून फिरवा (गाडी चालू करायच्या आधी, नाहीतर हात भाजतो). डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) धड असलेल्या गाडीचा पाइप आतून जवळजवळ स्वच्छ असतो. गाडीला कंपनीचा डीपीएफ असून कागद काजळीने काळा झाला तर तो बहुधा फुटलाय किंवा काढून टाकलाय. हिंजवडी-खराडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज रांगत चाललेल्या डिझेलला डीपीएफ जाळून साफ करायची संधीच मिळत नाही, तो चोक होतो, मग काहीजण नवीन बसवण्यापेक्षा आतलं काढून सॉफ्टवेअरने इशाऱ्याचा दिवा बंद करतात. अशी गाडी घेऊ नका.

## टप्पा ४: एअर सस्पेन्शन, टेप घेऊन

हा टप्पा सगळ्यात जास्त लोक गाळतात आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. ऑडी क्यू७, मर्सिडीज जीएलई आणि जीएलएस, रेंज रोव्हर, व्होल्वो एक्ससी९० चे वरचे व्हेरिएंट, यात कोणत्या गाडीला एअर आहे ते आधी पक्कं करा, कारण एकाच मॉडेलमध्ये काहींना असतं, काहींना नसतं आणि काहींना फक्त मागे.

चाकाच्या मध्यबिंदूपासून वर फेंडरच्या कडेपर्यंत चारही कोपऱ्यांचं माप घ्या, वहीत लिहा. डावं-उजवं यात एक-दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक नको. मग गाडी चालू करून सगळ्यात वरच्या उंचीवर न्या, खाली आणा, परत वर न्या. चारही कोपरे सारखे उचलले जातात का, कॉम्प्रेसर खूप वेळ घरघरतो का ते बघा.

आता खरी परीक्षा. मालकाला विनंती करा की आज रात्री गाडी सपाट जागेवर लावून बंद ठेवा, मी सकाळी परत मापतो. चारही कोपरे सारखेच किंचित खाली आले तर घाबरू नका, काही गाड्या पार्क केल्यावर स्वतःच लेव्हल जुळवतात. एकच कोपरा बसला तर त्या एअर स्प्रिंगला किंवा पाइपला गळती आहे. लिफ्टवर साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे दिसतात.

सावधान: एअर सस्पेन्शनच्या गाडीखाली नुसतं वाकून हात किंवा डोकं घालू नका. गाडी अचानक खाली बसू शकते. खालचं काय बघायचं ते लिफ्टवर, जॅक मोड (उंची आपोआप बदलणं थांबवणारं सेटिंग) लावून.

## टप्पा ५: बॉडी आणि पाणी

पेंट मीटरने प्रत्येक पॅनलवर चार-पाच ठिकाणी माप घ्या. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो, २५०-३०० म्हणजे परत रंगवलेला, आणि ५०० च्या वर गेला तर खाली पुट्टी आहे. एखादं दार किंवा बंपर परत रंगवलेलं असणं पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये काही गुन्हा नाही. छप्पर, दारांमधले खांब आणि पुढच्या चेसिसचे दोन दांडे इथे आकडा चढला तर मात्र गाडी मोठ्या अपघातातली असण्याची शक्यता मोठी.

लोहचुंबक घेऊन जाणारे अजून भेटतात. २०१२ नंतरच्या रेंज रोव्हरची बॉडी ॲल्युमिनियमची आहे आणि बऱ्याच जर्मन गाड्यांची बॉनेट-दारं पण, तिथे चुंबक चिकटणारच नाही आणि तुम्ही उगाच पुट्टी समजून बसाल. मीटर लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्ही ओळखणारा हवा. फेंडर आणि बिजागऱ्यांच्या बोल्टवर पाना फिरल्याच्या खुणा बघा, सगळ्या काचांवरचे वर्षाचे आकडे एकमेकांशी जुळतात का बघा.

पाण्याचं जास्त गंभीरपणे घ्या. २०१९ च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याच्या काठाला आणि २०२४ च्या जुलैत सिंहगड रोडच्या एकता नगरीत पाणी पार्किंगमध्ये शिरलं तेव्हा गाड्या बुडालेल्या आपण सगळ्यांनी बघितल्यात, शिवाय मुंबईच्या पावसात भिजलेल्या गाड्यासुद्धा इथे विकायला येतात. आतून धुवून, सुगंध मारून अशी गाडी नवी दिसते. सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ उरलेली असते. सीटच्या रुळांवर, सीटखालच्या बोल्टवर गंज. स्टेपनीचा खड्डा उघडून टॉवेलने पुसा, ओल, माती, वास. पुढचं कार्पेट कोपऱ्यातून उचलून दाबा. या गाड्यांचे कंट्रोल मॉड्यूल सीटखाली, कार्पेटखाली, डिकीच्या तळाशी बसवलेले असतात, त्यामुळे एकदा पाणी तिथे गेलं की दुखणी वर्षभराने एकेक करून बाहेर येतात. बुडालेली गाडी कितीही स्वस्त असो, नको.

पॅनोरमिक सनरूफचे निचऱ्याचे पाइप धूळ-पाल्याने तुंबतात. अर्धी बाटली पाणी सनरूफच्या कडेच्या पन्हाळीत ओता, दोन मिनिटांत चाकांजवळ ते खाली पडलं पाहिजे. छताच्या कापडावर पिवळट डाग असतील तर पाणी दुसरीकडे जातंय.

टायरवर चार आकडी कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. ऑल व्हील ड्राइव्ह गाडीत चारही टायर एकाच मेकचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. दोन नवे आणि दोन गुळगुळीत असे बरेच दिवस चालवले असतील तर ट्रान्सफर केसवर ताण आलेला असतो.

आतली बटणं, सीट, चारही काचा, मागचा एसी, कॅमेरा, डिकीची मोटर, हे पाच-दहा मिनिटांत उरका. प्रत्येक बटण एकदा दाबा, एवढंच.

## टप्पा ६: लिफ्ट आणि पहिला स्कॅन

आता गाडी तुम्ही ठरवलेल्या गॅरेजला न्या. विकणाऱ्याने सुचवलेल्या गॅरेजला नाही. "आमचाच माणूस आहे, फुकट बघून देईल" याला नम्रपणे नाही म्हणा आणि तपासणीचे पैसे स्वतः द्या.

लिफ्टवर गळती शोधा: इंजिन आणि गिअरबॉक्सचा सांधा, गिअरबॉक्सचा पॅन, डिफरन्शियल, टर्बोचे पाइप. खालचं प्लॅस्टिक कव्हर काढायला लावा, कारण गळती त्याच्यावर साठते आणि जमिनीवर थेंबही पडत नाही. नुकतंच धुतलेलं, चकचकीत इंजिन दिसलं तर शंका घ्या. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि ब्रेक डिस्कची कड किती झिजलीय, पुढच्या दांड्यांवर वेल्डिंग आहे का, हेही बघा.

स्कॅन करायच्या आधी बॅटरीचा व्होल्टेज मोजा. गाडी बंद असताना १२.४ च्या खाली असेल तर कमकुवत बॅटरीमुळे दहा मॉड्यूल खोटे कोड दाखवतात आणि तुम्ही चांगली गाडी सोडून द्याल. चार्ज करून मग स्कॅन.

स्कॅनमध्ये फक्त कोड बघू नका. पेट्रोल असो की डिझेल, रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्या का ते दाखवणारी यादी) सगळे अपूर्ण दिसले तर कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत. आणि बऱ्याच गाड्या प्रत्येक कोडसोबत तो किती किलोमीटरवर आला हे साठवतात. मीटरवर ७२ हजार आणि कोड ९८ हजारावर आलेला, असं सापडलं की बोलणी संपली. डिझेलमध्ये डीपीएफची काजळी आणि राख किती भरलीय ते वाचून घ्या. रिपोर्टची पीडीएफ मागून घ्या.

## टप्पा ७: रस्ता

सोसायटीत चकरा मारणं म्हणजे टेस्ट ड्राइव्ह नाही, किमान ४०-५० किलोमीटर हवेत. बाणेरहून निघालात तर माझा मार्ग असा: आतल्या रस्त्यांचे स्पीडब्रेकर, मग चांदणी चौक, बायपास, नवले पुलावरून कात्रज चौक, जुना घाट चढून पलीकडे आणि येताना नवीन बोगद्यातून परत. म्युझिक बंद, काचा आधी खाली, नंतर वर.

स्पीडब्रेकरवर एका बाजूने तिरकी चढवा, सस्पेन्शनचे आवाज असेच ऐकू येतात. २० ते ४० च्या वेगात गिअर बदलताना झटका किंवा मागून धक्का बसतो का, घाटात चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम वाढतो पण गाडी ओढत नाही असं होतं का, टेम्परेचर मधेच वर जातं का. मोकळ्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरवा. गाडी अडखळत, धडधडत वळली तर ट्रान्सफर केस किंवा टायरचा मामला आहे.

सावधान: ब्रेक मोकळ्या, सपाट रस्त्यावर, मागे कोणी नसताना तपासा. बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर अजिबात नाही, तिथे काय अपघात होतात ते आपल्याला माहीत आहे. त्या उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून शांतपणे या.

शेवटी मुद्दाम संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये एसी फुल लावून वीस मिनिटं अडका. गरम गाडी थांबत-चालत गेली की कूलिंग फॅन, एसी आणि गिअरबॉक्स खरं बोलायला लागतात.

## टप्पा ८: दुसरा स्कॅन, लगेच

ड्राइव्ह संपली की थेट गॅरेज. आधी पुसलेले कोड याच वेळी परत येतात, आणि लोक पहिला स्कॅन स्वच्छ आला म्हणून इथेच थांबतात. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून बघा. नवा आलेला प्रत्येक कोड मेकॅनिककडून समजून घ्या, त्याच्याकडून दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्या आणि तो कागद घेऊन किमतीवर बसा. गॅरेजचं एस्टिमेट समोर असलं की "बजेट कमी आहे हो" म्हणावं लागत नाही.

## टप्पा ९: पैसे आणि ट्रान्स्फर

आता टोकन. बँकेतून, आणि व्हॉट्सॲपवर दोन ओळी लिहून: कोणती गाडी, किती रक्कम, काय झालं तर परत. २ लाख किंवा त्यावर रोख व्यवहार करू नका, आयकर कायद्याला चालत नाही आणि उद्या वाद झाला तर पुरावाही राहत नाही.

फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलाचे अर्ज) वर सह्या घ्या, मालकाचा चालू मोबाईल नंबर आधारला आणि गाडीच्या रेकॉर्डला जोडलेला आहे ना हे आधीच बघा, ओटीपी तिथेच जातो. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) प्लेट लागली आहे का तेही विचारा, नाहीतर आरटीओचं काम अडतं. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि तुम्ही ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा पण १४ दिवसांच्या आत नावावर करायला द्या, त्यानंतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकू शकतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याचा असतो, कंपनी तेवढा फरक तुमच्याकडून घेते.

डीलरकडून घेत असाल तर आरसी तुमच्या नावावर येईपर्यंत थोडी रक्कम राखून ठेवायचं लेखी ठरवा.

गाडी घरी आली की फास्टॅग बदला, स्क्रीनमधून जुन्या मालकाचा फोन आणि ॲप काढून टाका, इंजिन ऑइल आणि सगळे फिल्टर लगेच बदलून घ्या. आणि पहिल्याच रात्री टेप घेऊन चारही कोपरे परत एकदा मोजून वहीत तारखेसकट लिहून ठेवा, पुढे कधी शंका आली तर ताडून बघायला तुमचं स्वतःचं माप हाताशी असेल.